खडा आवाज

सिंदखेडराजा तालुक्यातल्या एका गावात एक म्हातारा शाहीर होता. गावात वीज नव्हती तेव्हापासून तो उघड्या मैदानात पोवाडे म्हणत आला. शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द न् शब्द कळला पाहिजे, म्हणून गळा तापवून तापवून त्याने तो खडा आवाज कमावला होता. वरच्या पट्टीत चढला की त्यात खरखर उतरायची आणि अफझलखान वधाच्या प्रसंगाला तीच खरखर अंगावर काटा आणायची.

शाहिराचा नातू पुण्याहून ध्वनिमुद्रण शिकून आला. आजोबांचा आवाज आपण जपून ठेवायचा, असा त्याने ध्यास घेतला. जिजाऊ जन्मोत्सवाच्या आदल्या दिवशी, 11 जानेवारीच्या संध्याकाळी, मारुतीच्या पारावर पोवाडा ठरला. नातवाने आजोबांच्या तोंडापासून चार बोटांवर माइक लावला. शाहिराने बसल्या बसल्या दोन ओळी गुणगुणल्या. त्या आवाजाला मीटर जेमतेम हलला, म्हणून नातवाने यंत्राचा गेन (आवाज आत घेण्याचं प्रमाण) भरपूर वाढवला आणि बजावलं, "आबा, आता जागचे हलू नका."

डफावर थाप पडली, तुणतुणं बोलू लागलं, झीलकऱ्यांनी जी जी धरली. शाहीर तापला तसा मीटर लाल झाला. नातवाने घाबरून हाताने खूण केली : हळू! नातवाचा शब्द मोडवेना, म्हणून शाहिराने आवाज उतरवला. पण त्याचा आवाज उतरताच झीलकरी ढिले पडले, डफ मंदावला, बाया-माणसं आपसात बोलू लागली. पोवाडा संपायच्या आत निम्मा पार रिकामा झाला.

रात्री नातू मुद्रण घेऊन बसला. वरच्या जागी नुसतं चर्र चर्र, पुढे सगळं मिळमिळीत. त्याने आवाज लहान करून पाहिला, चर्र तशीच राहिली. मग खरखर घालवायला 3 हजार हर्ट्झच्या आसपासचा भाग खाली ओढला. खरखर गेली, पण तिच्यासोबत आवाजाची फेकही गेली. माणसाचा कान साधारण 2 ते 5 हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो. दूरवर पोचणाऱ्या खड्या आवाजाचा जोरही तिथेच एकवटलेला असतो.

शाहिराने ते ऐकलं आणि तो म्हणाला, "बाबू, खरखर माह्या गळ्याची हाये, ते मले ठाऊक हाये. पण हे चर्र माही नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत अमरशेख गायचे, तवा त्याईले कोणी हळू गा म्हणे काय? हा आवाज मैदानाचा हाये. तुह्या डबीत मावत नसंल, तं डबी मोठी कर."

नातू रात्रभर विचार करत राहिला. यंत्राला सोसेल त्याहून मोठा आवाज आत शिरला, की ध्वनिलहरींचे शेंडे विळ्याने छाटावेत तसे सपाट कापले जातात. चर्र उमटते ती तिथे. कापलेला शेंडा मागाहून आवाज लहान केल्याने परत उगवत नाही. म्हणजे जागा ठेवायची ती आधीच, आणि ती ठेवणं हे मुद्रण करणाऱ्याचं काम.

दुसऱ्या दिवशी 12 जानेवारी. सिंदखेडराजात लखुजी जाधवांच्या राजवाड्याकडे माणसांची रीघ लागली होती. तिथेच शाहिराचा पोवाडा होता. कार्यक्रमाआधी नातू म्हणाला, "आबा, गुणगुणू नका. खानाला फाडतानाचा आवाज लावा." त्या सगळ्यात चढ्या आवाजावर त्याने गेन खाली आणला आणि वर आणखी 10 डेसिबल मोकळे सोडले. माइक वीतभर लांब नेला, कारण मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाजाची पातळी सुमारे 6 डेसिबलने उतरते. झीलकऱ्यांना वेगळा माइक दिला. आणि आजोबांना हवं तसं हलू दिलं.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की चढा सूर लावताना शाहीर दर वेळी आपसूक अर्धं पाऊल मागे सरतो आणि खालच्या शब्दाला पुन्हा पुढे येतो. माइकपुढे कसं गावं, हे म्हाताऱ्याला आधीपासून ठाऊक होतं. काल नातवानेच त्याला जखडून टाकलं होतं.

मीटर दिवसभरात एकदाही लाल झाला नाही. मुद्रणात खरखर होती, आवेश होता, डफाची थाप होती आणि समोरच्या गर्दीचा हुंकारही होता. चर्र कुठेच नव्हती.

तात्पर्य : मोठा आवाज जपायचा तर त्याला लहान करू नये, आपल्याकडची जागा मोठी करावी. विदर्भात आणि अवघ्या महाराष्ट्रात असे खडे गळे अजून गात आहेत. ते टिपायला जाल तेव्हा आधी त्यांचा सर्वांत चढा सूर ऐका, मगच यंत्राला हात लावा. गळ्याची खरखर ही कलावंताची कमाई असते, ती पुसण्याचा अधिकार आपल्याला नाही.