सर्वत्र आहे, पण हाती किती?

देवळाली प्रवरेजवळून वाहणारी प्रवरा नदी पुढे नेवाशाला जाते. तिथे शके १२१२मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेवरचं भाष्य सांगितलं. गीतेच्या नवव्या अध्यायात अव्यक्त रूपाने अवघं जग व्यापून राहिलेल्या ईश्वराचा विषय येतो.

‘सर्वत्र आहे’ हे आता रेडिओ लहरींबद्दलही ऐकू येतं. टॉवर, वायफाय, आकाशवाणी... हवेत एवढी ऊर्जा आहे, तर मोबाइल तिच्यावरच का चार्ज होऊ नये? प्रश्न विजेचा वाटतो, पण मुळात तो दर्शनांचा आहे. जे सर्वव्यापी आहे, ते वापरता येईलच असं कशावरून?

आधी हिशेब पाहू. भारतात २०१२मध्ये ९०० मेगाहर्ट्झच्या टॉवरलहरींची मर्यादा दर चौरस मीटरला ०.४५ वॅट ठरवली गेली. भर दुपारचं ऊन तेवढ्याच जागेत सुमारे १,००० वॅट देतं. मोकळ्या जागेत टॉवरपासूनचं अंतर दुप्पट झालं की लहरींची तीव्रता चौथाईवर येते. शिवाय लहरींची वीज करणारा डायोड क्षीण संकेताला फारशी दाद देत नाही. एवढं होऊन १० मायक्रोवॅट हाती लागले असं धरलं, तरी ५,००० एमएएचची बॅटरी भरायला दोनशेहून अधिक वर्षं लागतील.

म्हणजे हे तंत्र खोटं आहे का? मुळीच नाही. नगर-मनमाड रस्त्यावरच्या कुठल्याही गाडीच्या काचेवरचा फास्टॅग बघा. त्यात बॅटरी नसते. टोलनाक्यावरचं यंत्र मुद्दाम लहरी सोडतं, त्यावर चिप क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक कळवते. देणारा जवळ आहे आणि मागणं अगदी लहान, म्हणून जमतं.

खरी अडचण याहून खोल आहे. बाहेरून लहरी आल्या नाहीत तरी तारेतल्या इलेक्ट्रॉनांच्या औष्णिक हालचालीतून अखंड विद्युतगोंगाट उठत असतो. डायोड लावून त्याची फुकट वीज करावी, असं कुणालाही सुचेल. तार आणि डायोड एकाच तापमानाला असतील तर ते शक्य नाही, हे भौतिकशास्त्रज्ञ लिऑन ब्रिल्वाँ यांनी १९५०मध्ये दाखवलं. काम करून घ्यायला फरक लागतो. भंडारदरा धरणाचं पाणी उंचावरून पडतं तेव्हा वीज देतं. तेच राहुरी तालुक्यातल्या शेतात पोचलं की ऊस पिकवतं, जनित्र फिरवत नाही.

सांख्यांनी आपल्या परीने असंच मांडलं होतं. सत्त्व, रज, तम समतोल असतात तोवर प्रकृतीतून काही घडत नाही. समतोल ढळला की सृष्टी सुरू होते. अर्थात सांख्यांचा विषय मोक्षाचा होता, त्यावरून डायोडचं गणित सुटत नाही. आणि अद्वैत वेदान्तातलं सर्वव्यापी ब्रह्म तर अकर्तं आहे. त्याच्याकडे मजूर म्हणून पाहणं हा शास्त्राचाही विपर्यास आणि विज्ञानाचाही.

तेव्हा ‘वैश्विक ऊर्जे’वर चालणारं यंत्र विकायला कुणी दारात आलं, तर श्रद्धेचा वाद घालू नका. टॉवरपासून किती अंतरावर किती मायक्रोवॅट मिळतात, एवढं विचारा आणि तिथेच मीटर लावून दाखवायला सांगा.