मग पाय कुणाचे धुणार?

इजिप्तमधल्या अंतोनी नावाच्या तरुणानं तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात चर्चमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानातला एक प्रसंग ऐकला. येशू एका श्रीमंत तरुणाला सर्वस्व विकून गरिबांना द्यायला सांगतो, तो. अंतोनीनं वडिलोपार्जित जमीन सोडली, पुढे वाळवंट गाठलं, आणि त्याच्या वाटेनं कित्येक जण गेले. रोमन सत्तेच्या छळाच्या काळात श्रद्धेची कसोटी हौतात्म्यात होती. छळ थांबल्यावर ती एकांतात, उपासात, मोहांशी झुंजण्यात दिसू लागली. घरसंसारातला माणूस या चित्रात कुठेतरी मागे उभा होता.

या एकांताला चौथ्या शतकात कैसरियाच्या बेसिलनं प्रश्न विचारला. तो स्वतः इजिप्त-सीरियातल्या तपस्व्यांना भेटून आलेला होता, त्यामुळे त्याच्या बोलण्यात अनादर नव्हता. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले. तू एकटाच राहिलास तर पाय कुणाचे धुणार? तुला विरोध करणारंच कुणी नसेल, तर तुझ्या अंगी सहनशीलता आहे की नाही हे कळणार कसं? ख्रिस्ती विचाराच्या इतिहासात मला हा प्रश्न फार मोठा वाटतो. शील ही एकट्यानं जपायची ठेव नाही, ते दुसऱ्या माणसाच्या धक्क्यानंच उघडं पडतं, हे त्यात आलं. बेसिलनं शहराबाहेर रुग्ण आणि गरिबांसाठी मोठं सेवाकेंद्र उभारलं. प्रश्न त्यानं आधी स्वतःलाच लावून घेतला होता.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टनं मठासाठी नियम लिहिले, त्यात हा विचार थेट स्वयंपाकघरात आला. मठातली अवजारं आणि भांडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी सांभाळावीत, असं तो सांगतो. स्वयंपाकाची पाळी आठवड्यानं बदलायची आणि आठवडा संपताना सगळ्यांचे पाय धुवायचे. आजारपण किंवा तसंच महत्त्वाचं काम असल्याखेरीज कुणाला सूट नाही. यातली ‘पाळी’ मला सर्वांत मोलाची वाटते. तिच्याकडे पुढे येईनच.

तरीही प्रार्थना श्रेष्ठ आणि काम दुय्यम ही उतरंड टिकून राहिली. तिला आधार होता लूकच्या शुभवर्तमानातल्या दोन बहिणींचा. मरिया प्रभूच्या पायाशी बसून ऐकते, मार्था पाहुणचाराच्या धावपळीत त्रासून तक्रार करते, आणि प्रभू मरियेची बाजू घेतो. चौदाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतल्या माइस्टर एकहार्टनं एका प्रवचनात ही कथा उलटी वाचली. त्याच्या मते मार्था थोरली आणि अनुभवानं पिकलेली आहे. कामात राहूनही ती देवापाशी आहे. मरियेला अजून तिथवर पोचायचं आहे. हे वाचन शास्त्राच्या अक्षराला कितपत धरून आहे यावर वाद होऊ शकतो. पण रोजच्या कष्टांना कमी लेखणाऱ्यांच्या हातातली कथाच त्यानं काढून घेतली.

धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं १५२२ मध्ये विवाहावर लिहिताना बाळाचे लंगोट धुणाऱ्या बापाचं कौतुक केलं. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स हा लंगडा माजी सैनिक आचारी होता. त्याला स्वयंपाकाची मुळात नावड होती, आणि तरी भांड्यांच्या आवाजातही आपण देवापाशी तितकेच शांत असतो, असं तो सांगे.

मात्र या विचाराला सर्वांत बारीक धार दिली फ्रान्समधल्या लिझ्यू इथल्या तेरेजानं. १८८८ मध्ये, पंधराव्या वर्षी, ती मठात गेली आणि १८९७ मध्ये, चोविसाव्या वर्षी, क्षयानं वारली. तिच्या आत्मकथेत चमत्कार शोधायला जाल तर हाती लागतात त्या किरकोळ गोष्टी. प्रार्थनेत मागे बसलेली एक सिस्टर सतत आवाज करते आणि तेरेजाला घाम फुटतो. कपडे धुताना समोरची सिस्टर मळकं पाणी तोंडावर उडवते. एक सिस्टर तिला मुळीच आवडत नाही; तेरेजा तिच्याशी इतकी प्रेमानं वागते, की आपल्यात तुला एवढं काय आवडतं असं तीच विचारते. मनात चीड असताना हसून बोलणं म्हणजे ढोंग, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. भावना आपल्या हुकमात नसतात, वागणं बरंचसं असतं, आणि प्रेमाची आज्ञा वागण्याविषयी आहे. चर्चनं १९९७ मध्ये तेरेजाला धर्मपंडितांच्या मालिकेत बसवलं. पावित्र्याचं पाचारण सगळ्यांनाच आहे, हे त्याआधी १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं सांगितलंच होतं.

इथे मात्र थांबून एक गोष्ट बोलायला हवी. बायका शतकानुशतकं भांडी घासत होत्या; त्याला कुणी साधना म्हटलं नाही. ज्याला दुसरा पर्यायच नाही त्याला सोसण्यातली थोरवी सांगणं हा अन्याय आहे. म्हणून बेनेडिक्टची पाळी महत्त्वाची. सेवा सगळ्यांच्या वाट्याला येते तेव्हाच तिला धर्म म्हणता येतं.

आणि छोटं वागणं नेहमी छोटंच असतं, असंही नाही. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्या धक्क्यानं कोसळल्या; नंतर पतीकडे परतल्या, तरी सोवळं सोडायला तयार नव्हत्या. पुढे त्यांनी स्वतःशीच विचार केला आणि जात माणसानं केली, देवानं नाही, हे त्यांच्या मनानं घेतलं. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मकथेत हा पालट तत्त्वचर्चेत अडकत नाही. कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, कुणाच्या हातचं जेवायचं, तिथेच तो उतरतो. आपल्याकडच्या घरात पाण्याचा तांब्या म्हणजे सगळी समाजव्यवस्था होती. लक्ष्मीबाईंनी आधी ते पाणी घेतलं, बाप्तिस्मा त्यानंतरचा.