नवस आणि फाइल

भिवंडी तालुक्यातल्या वज्रेश्वरीच्या देवळामागे एक नवस आहे. वसईच्या मोहिमेवर असताना चिमाजी आप्पांनी किल्ला हाती आला तर देवीचं मंदिर बांधण्याचं कबूल केलं, अशी आख्यायिका. मे १७३९मध्ये वसई पडली आणि पुढे देऊळ उभं राहिलं. पण नवस बोलून मराठे हात जोडून बसले नव्हते. बुरुजांखाली सुरुंग खणले, काही फसले, माणसं गेली, तरी पुन्हा खणले. देवीवर भार टाकणं आणि भुयार खणणं एकाच छावणीत चाललं होतं.

यंत्रमागांच्या याच भागात एखाद्या बाईचा गर्भाशयमुखाचा कॅन्सर उपचारांनंतर वर्षा-दोन वर्षांत उलटतो, तेव्हा या दोन कामांची फारकत होते. पहिल्या खेपेला धावाधाव केलेलं घर आता गप्प असतं. उसनवारी करून झालेली असते, दागिने गहाण पडलेले असतात. ‘देवाच्या मनात असेल ते होईल,’ असं कुणीतरी म्हणतं आणि बाकीचे माना डोलावतात. अशा वेळी एखादी मैत्रीण मात्र ‘अगं, एकदा मोठ्या डॉक्टरला दाखवू या’ म्हणत राहते. ती दैवाच्या आड येते आहे का? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो विचारणारी माणसं श्रद्धावान असतात आणि खरोखरच दमलेली असतात.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, दहाव्या अध्यायात, नेमका हाच वाद रंगला आहे. मैत्रेय आत्रेयांना विचारतो : उत्तम वैद्य, औषध, शुश्रूषा सगळं असूनही काही रोगी मरतात आणि यातलं काहीच नसताना काही बरे होतात, मग उपचार केले काय नि न केले काय, फरक कुठे पडतो? आत्रेय चिडत नाहीत. पडलेला माणूस स्वतःच्या बळावर उठू शकत असला, तरी कुणी हात दिला तर तो लवकर आणि कमी त्रासात उठतो, असं ते सांगतात. शिवाय रोग सगळे सारखे नसतात. काही सहज बरे होतात, काही कष्टानं. काही जात नाहीत, पण उपचारांनी आटोक्यात राहतात. आणि काही उपचारांपलीकडचे असतात. दैवाचा प्रश्न आत्रेयांनी असा निदानाच्या प्रश्नापाशी आणून ठेवला. आजार कुठल्या गटातला आहे हे न पाहता हात टेकणं त्यांना मान्य नाही.

परतलेला कॅन्सर कुठल्या गटातला, हे घरात बसून कळत नाही. बहुतेकदा नेहमीच्या दवाखान्यातही कळत नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला आधी रेडिएशन दिलेलं नसेल, तर ते आता देता येण्याची शक्यता असते. दिलेलं असेल आणि गाठ ओटीपोटाच्या मध्यभागीच असेल, दूर पसरलेली नसेल, तर काही मोजक्या रुग्णांत मूत्राशय किंवा गुदाशयासह सगळा भाग काढण्याची मोठी शस्त्रक्रिया होऊ शकते. पण ती मोजकेच सर्जन करतात. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये प्लॅटिनमची केमो संपल्यावर किती महिन्यांनी आजार परतला, हे औषध निवडताना पाहिलं जातं. सहा महिने ही तिथली जुनी सीमारेषा. यातला प्रत्येक निर्णय आधी काय झालं त्यावर अवलंबून असतो. त्यामुळे स्त्रियांच्या कॅन्सरचा तज्ज्ञ, म्हणजे गायनॅक ऑन्कॉलॉजिस्ट, शोधण्याचं काम कागदांपासूनच सुरू होतं.

ते कागद बहुधा साडीच्या दुकानाच्या पिशवीत असतात. एमआरआयच्या फिल्म गुंडाळून कडा मोडलेल्या, सोनोग्राफीचे रिपोर्ट औषधांच्या बिलांत मिसळलेले. मैत्रीण ते जमिनीवर पसरते आणि तारखेप्रमाणे लावते : पहिल्या बायोप्सीचा रिपोर्ट, ऑपरेशनची नोंद, रेडिएशन कुठल्या भागाला किती ग्रे दिलं त्याचा गोषवारा, केमोच्या औषधांची नावं आणि तारखा, पेट स्कॅनची सीडी. बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक आधीच्या हॉस्पिटलातून मागून आणते. चरकानं वैद्य, औषध आणि रोगी यांच्या जोडीला सेवा करणारा हा चिकित्सेचा स्वतंत्र पाय मानला. त्याच्या ठायी माया हवीच, पण जाण, दक्षता आणि स्वच्छताही हवी. नुसत्या मायेनं हा कागदांचा पसारा लागत नाही.

मग ठाण्याला किंवा कल्याणला येऊन लोकल पकडायची आणि परळचं टाटा गाठायचं. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेल्या या हॉस्पिटलानं मैत्रेयाच्या शंकेला एका बाबतीत आकड्यांत उत्तर दिलं आहे. १९९८पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांचे दोन गट करून त्यांनी अभ्यास केला. एका गटाची प्रशिक्षित स्थानिक आरोग्यसेविकांनी व्हिनेगर लावून ठरावीक काळानं तपासणी केली, दुसऱ्याला फक्त माहिती दिली. २०१३मध्ये निकाल आले, तेव्हा तपासलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं झालेले मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. तपासूनही काहीजणी गेल्या, न तपासता बऱ्याचजणी जगल्या. मैत्रेयानं पाहिलं ते खोटं नव्हतं. एकेक माणूस पाहून त्यानं निष्कर्ष काढला, एवढंच.

भिवंडीतल्या मागवाल्या मुस्लिम घरांतही हा प्रश्न नवा नाही. उपचार करावेत का, असं पैगंबरांना विचारल्याचा प्रसंग हदीसमध्ये आहे; करावेत, म्हातारपणाखेरीज प्रत्येक दुखण्याला अल्लाहनं इलाज ठेवला आहे, असा त्या उत्तराचा आशय. आणि गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत. त्यांत दैव आहे, पण पाचवं.

तरीही शरण जाणं ही पळवाट नव्हे. ती एक मोठी अवस्था आहे, पण ती ज्याची त्यानं गाठायची असते. दुसऱ्याच्या देहावर आलेलं दैव आपण परस्पर मान्य करून टाकायचं, याला श्रद्धा कसं म्हणावं? तसंच तिनं ‘आता पुरे’ म्हटल्यावर तिला पुन्हा सुईखाली ढकलण्याचा हक्कही मैत्रिणीला नाही. म्हणून ‘तिला सांगू नका हं’ ही घराघरांतली सवय सगळ्यांत घातक. आजार उलटला आहे हेच ठाऊक नसलेली बाई ना नीट झुंजू शकते, ना शरण जाऊ शकते.

अपॉइंटमेंट घेण्याआधी मैत्रिणीनं तिलाच विचारायला हवं : तुला किती कळून घ्यायचंय, किती सोसायची तयारी आहे? उत्तर नकाराचं आलं तरी कागदांचं काम संपत नाही. तीच फाइल घेऊन वेदनाशामक उपचारांच्या विभागात जायचं, मॉर्फिनच्या गोळ्यांविषयी विचारायचं, रात्री दुखणं वाढलं तर फोन कुणाला करायचा ते लिहून आणायचं.