नाडी मंद, म्हणून काय?

मनगटावरच्या घड्याळाने मध्यरात्री टिपलेला ४२ हा आकडा सकाळच्या चहाबरोबर घरभर फिरतो आणि दुपारपर्यंत ‘आता पेसमेकर लागणार का?’ इथवर चर्चा पोचते. काळजी समजण्यासारखी आहे, पण ती चुकीच्या टोकाला धरलेली आहे. मिनिटाला साठच्या खाली ठोके म्हणजे मंद नाडी, ही पाठ्यपुस्तकातली रेघ सोयीसाठी ओढलेली. अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी २०१८ साली मार्गदर्शक सूचना नव्याने काढल्या तेव्हा ती पन्नासवर आणली. शिवाय ठोके निर्माण करणारा सायनस नोडच मंदावला असेल, तर ‘अमुक आकड्याखाली पेसमेकर बसवाच’ अशी सीमा त्यांनी घातलीच नाही. बघायचे ते एवढेच, की नाडी मंदावण्याची वेळ आणि घेरी येण्याची, धाप लागण्याची वेळ जुळते का. झोपेत ठोके उतरतातच. लांब पल्ल्याच्या धावपटूची नाडी चाळिशीत असते आणि तो ठणठणीत असतो. खुद्द पेसमेकरचा जन्मही आकड्यापोटी झालेला नाही. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिले यंत्र बसवले गेले, कारण दिवसातून वीस-तीसदा त्यांची शुद्ध हरपत होती. अभियंता रुने एल्मक्विस्ट यांनी ते बूटपॉलिशच्या डबीचा साचा करून ओतले होते, शल्यविशारद ओके सेनिंग यांनी बसवले, आणि काही तासांत ते बंद पडले. लार्सन मात्र पुढे दोन डझनांहून अधिक यंत्रे वापरून २००१ पर्यंत जगले.

तेव्हा पेसमेकर टाळता येईल का, हे विचारण्याआधी मंदपणा कुठला, हे विचारले पाहिजे. वीजघरातच वीज कमी तयार होते आहे, की वीजघर ठीक असून खाली जाणारी तार तुटली आहे? पहिला प्रकार सायनस नोडचा. त्यात पेसमेकरने त्रास जातो, आयुष्य वाढते असे मात्र सिद्ध झालेले नाही. म्हणून त्रास नसेल तर थांबणे हा बेफिकीरपणा ठरत नाही. दुसरा प्रकार हार्ट ब्लॉकचा. वरच्या कप्प्यातला संदेश खाली पोचतच नसेल, किंवा मधूनच कसलीही पूर्वसूचना न देता गळत असेल, आणि त्यामागे दूर करता येण्याजोगे कारण नसेल, तर चक्कर आली नाही म्हणून वाट पाहणे हा जिवाशी खेळ आहे. दोन्ही माणसांची नाडी ४० भरेल. कार्डिओग्रामच्या पट्टीवर मात्र दोन वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतील. प्राणायामाने किंवा काढ्याने पेसमेकर टळल्याच्या गोष्टी सांगितल्या जातात, त्यांत हा फरक केलेला मला तरी क्वचितच दिसतो.

दूर करता येण्याजोगी कारणे शोधण्याचे काम कंटाळवाणे असते, आणि बहुधा म्हणूनच ते अर्धवट होते. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल, त्याच्या जोडीला दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेले डिल्टियाझेम, स्मृतिभ्रंशासाठी डोनेपेझिल: प्रत्येक गोळी आपल्या जागी बरोबर, सगळ्या मिळून नाडी खाली ओढणाऱ्या. काचबिंदूसाठी रात्री डोळ्यांत घालायचे टिमोलॉलचे थेंबही रक्तात उतरून ठोके मंद करू शकतात. पण ‘कोणती औषधे चालू आहेत?’ या प्रश्नाला गोळ्यांची पिशवी पुढे केली जाते, थेंबांची बाटली फ्रिजच्या दारातच राहते. थायरॉईड मंदावलेले असणे, मूत्रपिंड थकल्यामुळे पोटॅशियम वाढणे, घोरता घोरता झोपेत श्वास अडणे, हीही तशीच कारणे. अर्थात मेटोप्रोलॉल-ॲटेनोलॉलसारखी बीटा-ब्लॉकर गोळी आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये. हृदयविकार असलेल्याच्या छातीत त्यामुळे दुखणे उसळू शकते.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे: ऑपरेशन लहान, तास-दीड तासाचे, बसवून मोकळे व्हावे, उगाच जोखीम कशाला? ऑपरेशन लहान आहे हे खरेच. पण शिरेतून हृदयात गेलेली तार वर्षानुवर्षे तिथेच राहते, दहा वर्षांच्या आसपास बॅटरी संपली की यंत्र बदलावे लागते, आणि जंतुसंसर्ग झाला तर यंत्रासकट तारा काढाव्या लागतात. शिवाय हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्याला यंत्र सतत ठोके देत राहिले तर हृदयाचे आकुंचन विषम होते. सायनस नोडच्या रुग्णांवरील ‘मोस्ट’ या अमेरिकी चाचणीच्या २००३ सालच्या विश्लेषणात, असे कृत्रिम ठोके चाळीस टक्क्यांहून जास्त असलेल्यांमध्ये हृदय कमकुवत होऊन रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण वाढलेले आढळले. ज्याला गरज आहे त्याने ही किंमत निःशंकपणे मोजावी. ज्याला नाही, त्याने केवळ आकड्याच्या धास्तीने का मोजावी?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि थांबण्याच्या बाजूने बोलणारे तो टाळतात. ‘मला काही त्रास नाही’ असे म्हणणारे पंचाहत्तरीचे गृहस्थ दोन वर्षांपासून जिना चढत नाहीत, भाजीला जाताना कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर टेकतात आणि संध्याकाळचा फेरा त्यांनी ‘गुडघ्यांमुळे’ सोडलेला असतो. त्रास नाही, कारण त्रास होईल असे काही करणेच बंद झाले आहे. श्रम केले तरी ठोके वाढत नसतील, तर त्याचे खापर वयावर फुटते. तोंडी जबानी इथे पुरत नाही. नेहमीचा कार्डिओग्राम जेमतेम दहा सेकंदांचा. ठोक्यांची सतत नोंद घेणारे होल्टर यंत्र अंगावर लावले तर दिवसभराचा हिशेब मिळतो, आणि झेपत असेल त्याला ट्रेडमिलवर चालवले की नाडी सत्तरीवरच अडते की शंभराच्या पुढे जाते हे डोळ्यांसमोर दिसते. शंभराच्या पुढे गेली, संदेशवहन शाबूत निघाले, तर वर्षाकाठी तपासणी ठेवून त्या गृहस्थांनी खुशाल जिना चढावा. सत्तरीवरच अडली आणि धापही तेव्हाच लागली, तर टाळाटाळ सोडावी आणि तार नेमकी कुठे बसवणार, हे डॉक्टरांना आधी विचारून घ्यावे: कप्प्याच्या टोकाला, की हृदयाच्या स्वतःच्या संदेशवाहिनीजवळ.