उत्पन्नाचा रकाना

२०२४च्या पावसाळ्यात एके दिवशी शाळा सुटल्यावर माझ्या पाचवीच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील रेशनचा अर्ज घेऊन आले. आमचे गाव यंत्रमागाचे. ते सांचे चालवतात; मजुरी मीटरवर, पगार आठवड्याचा. भावांपासून वेगळे झाल्यावर त्यांना केशरी शिधापत्रिका मिळाली होती, पण तिच्यावर धान्य मिळत नव्हते. अर्ज मराठीत, आणि त्यांना उर्दूच वाचता येते. उर्दू शाळेतल्या शिक्षिकेला हे काम नवे नाही. नाव, पत्ता, कुटुंबातील माणसे पाच, असे लिहीत मी वार्षिक उत्पन्नाच्या रकान्यापाशी आले आणि विचारले, "किती लिहू?"

ते म्हणाले, "मॅडम, जितना लिखने से अनाज मिलता है, उतना लिखो."

मुलगी शेजारीच उभी होती. त्याच आठवड्यात मी वर्गात सचोटीवर धडा घेतला होता.

सांचे नीट चालले तर त्यांच्या हातात महिन्याला १३,००० रुपये पडतात. मंदीत कारखाना बंद राहतो, ते दिवस वजा करून वर्षाचे सव्वा लाखाच्या आसपास. आणि मर्यादा किती? अन्नसुरक्षा कायदा २०१३चा. महाराष्ट्रात तो २०१४ साली लागू झाला, तेव्हा प्राधान्य कुटुंबासाठी शहरात ५९,००० आणि खेड्यात ४४,००० रुपये वार्षिक उत्पन्नाची मर्यादा होती. मी पेन हातात धरून बसले होते त्या दिवशीही ती तेवढीच होती. ५९,०००ला बाराने भागले तर महिन्याला पाच हजारही होत नाहीत. खोलीचे भाडे, विजेचे बिल आणि गॅसची टाकी यांतच तेवढे संपतात. डाळ, तेल, डॉक्टर पुढेच राहिले. एवढ्यात पाच माणसांचे कुटुंब शहरात जगत असेल तर ते कसे जगते, हे मला कोणी तरी दाखवावे.

या कायद्याने माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३पासून ते मोफत आहे. पाच माणसांचे २५ किलो. आमच्या गल्लीत साधा तांदूळ चाळीस रुपयांच्या खाली येत नाही. म्हणजे त्या बापाने खरे बोलावे तर त्याला महिन्याला हजार रुपये मोजावे लागणार होते. माझा पगार बँकेत जमा होतो, माझे उत्पन्न कागदावर आपोआप खरे असते. मला खरे बोलायला एक पैसाही लागत नाही. सचोटीचा धडा देणारी मी, आणि किंमत मोजायची त्याने!

आपल्याकडे गरिबीवरचा लेख सच्चर समितीच्या २००६च्या अहवालाशिवाय सुरू होत नाही. मी तो आज बाजूला ठेवते, कारण मला पडलेला प्रश्न फक्त आपल्या समाजाचा नाही. ऊसतोड कामगाराला आणि घरकाम करणाऱ्या बाईलाही हाच रकाना भरावा लागतो. गरीब कोणाला म्हणायचे? २०११ साली नियोजन आयोगाने सुप्रीम कोर्टात प्रतिज्ञापत्र दिले, त्यात शहरात माणशी रोज ३२ रुपये आणि खेड्यात २६ रुपये ही रेषा होती. केवढा गदारोळ झाला तेव्हा! पण निदान त्या वेळी चर्चा तरी झाली. आता रेषा एक नाही, अनेक आहेत. रेशनला शहरात ५९,०००. अल्पसंख्याकांच्या मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीला एक लाख. ती २००८ साली सुरू झाली आणि २०२२ साली पहिली ते आठवीसाठी बंदच केली, कारण शिक्षण हक्क कायद्याने शिक्षण मोफत आहे म्हणे. लाडकी बहीण योजनेला अडीच लाख. आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाला आठ लाख. तोच बाप, तेच घर. एका खिडकीवर गरीब, दुसऱ्या खिडकीवर खाऊनपिऊन सुखी. त्याच महिन्यात त्याच्या बायकोने लाडकी बहीणचा अर्ज भरला. तिथे केशरी शिधापत्रिका दाखवली की उत्पन्नाचा दाखला लागत नव्हता. तिला खोटे बोलावे लागले नाही. ती नवऱ्यापेक्षा जास्त इमानदार होती असे थोडेच आहे?

मला या वेळी जकातीचा निसाब आठवला. साडेबावन्न तोळे चांदी. रुपयांत नव्हे, चांदीत. भाव चढला की मर्यादाही आपोआप चढते. कोणाला परिपत्रक काढावे लागत नाही. फितऱ्याचेही तेच. ठरावीक वजनाच्या गव्हाची किंमत दर रमजानला बाजारभावाने सांगितली जाते. निसाबातही अडचणी आहेत. सोन्याच्या मानाने चांदी फार मागे पडली, म्हणून कोणता निसाब धरायचा यावर उलेमांत वाद चालतो. पण मोजमाप वस्तूत ठेवायचे, नाण्यात नाही, एवढे व्यवहारज्ञान शेकडो वर्षांपूर्वीच्या माणसांना होते. आपल्या अधिकाऱ्यांना ते नाही असेही मी म्हणणार नाही. त्यांचा स्वतःचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढतो. माझाही वाढतो.

एवढा विचार करून मी स्वतःची समजूत घातली. जो नियम खरे बोलणाऱ्याला उपाशी ठेवतो, तो नियमच आधी खोटा आहे. गोदामे भरलेली आहेत. यात कोणाचे नुकसान? मी रकान्यात ५५,००० लिहिले.

पण पुढे पुरवठा विभागात काम केलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांकडून मला इष्टांक हा शब्द कळला आणि माझी समजूत डळमळली. राज्यात या धान्याचे लाभार्थी सुमारे सात कोटीच असू शकतात, तो आकडा २०११च्या जनगणनेवर बांधलेला आहे. २०२१ची जनगणना झालीच नाही. मधल्या काळात जन्मलेली मुले, कामासाठी शहरात आलेली माणसे त्या हिशेबात नाहीत. इष्टांक भरला की नवे नाव तेव्हाच चढते, जेव्हा कोणी मरते, गाव सोडते किंवा वगळले जाते.

म्हणजे माझे खोटे सरकारशी नव्हतेच. रांगेत मागे कोणी विधवा असेल, जिचे उत्पन्न खरोखर ५५,००० असेल. माझ्या आकड्याने मी तिच्या पुढे एक माणूस उभा केला होता. गरिबाच्या खोट्याला मी माफ करत होते, ते दुसऱ्या गरिबाच्या हिश्शातून. मर्यादा भावाशी जोडली आणि इष्टांक माणसांच्या आजच्या संख्येशी जोडला, तर त्या बापाला मी तोंडावर सांगू शकेन की भाई, खरे लिहा. आज ते सांगायला माझी जीभ रेटत नाही. आणि खोटे लिहिले ते बरोबर केले, असेही मला म्हणवत नाही. नियत साफ होती म्हणून आपण सुटतो, असे आपले लोक फार सहज बोलतात. त्या विधवेला माझी नियत काय कामाची?

ती मुलगी आता सातवीत आहे. मधल्या सुट्टीत ती कधी स्टाफरूममध्ये येते, तिच्या अब्बांचा निरोप घेऊन: अर्जाचे काय झाले? मी दोनदा चौकशी केली. जागा रिकामी नाही, असे उत्तर मिळाले. त्यांची पाच नावे अजून चढलेली नाहीत. अर्ज मात्र तिथेच फाइलमध्ये आहे, आणि उत्पन्नाच्या रकान्यातले अक्षर माझे आहे.