घरातले न मोजलेले काम

परावलंबी वृद्धांचा सांभाळ हे मुलांचे कर्तव्य आहे, ही समजूत आपल्याकडे पुढे कायद्यातही आली. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने वृद्ध, अशक्त आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवरही टाकली. २००७ च्या कायद्याने त्यासाठी न्यायाधिकरणे आणली आणि दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता देवविण्याची सोय केली. नाकारलेल्या आईवडिलांना हा आधार हवाच होता. पण या तरतुदींचा मुख्य प्रश्न खर्च कोण करणार, हा आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरात त्याच्या आधी दुसरा प्रश्न उभा राहतो: दर काही तासांनी कूस कोण बदलणार, रात्री शौचाला कोण नेणार? हे काम बहुधा सून, मुलगी किंवा स्वतःच म्हातारी झालेली पत्नी करते, आणि सहसा हिशेबात ते धरले जात नाही.

हे काम मोजता येते, हा विचार वैद्यकातून आला. १९६३ मध्ये अमेरिकेत सिडनी कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी आंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, उठबस, मलमूत्रावरील ताबा आणि जेवणे या सहा गोष्टींवरून परावलंबन ठरवण्याची पद्धत मांडली. आजाराच्या नावापेक्षा माणसाला कशासाठी दुसऱ्याचा हात लागतो, याला त्यामुळे महत्त्व आले. गरज मोजता आली की तिचा भार वाटूनही घेता येतो. जर्मनीने १९९५ मध्ये शुश्रूषा विमा सुरू केला. घरीच सेवा करणाऱ्या कुटुंबाला त्यातून रोख भत्ता मिळू शकतो आणि सेवा करणाऱ्याच्या निवृत्तिवेतनातही ठरावीक अटींवर भर पडते. जपानने २००० पासून चाळिशीपुढच्या सर्वांकडून हप्ता घेऊन शुश्रूषा विमा राबवला.

यावर आक्षेप येतो की, सरकार मध्ये आले की घरची माया आटेल. जर्मनीचा अनुभव तसा नाही; तिथले बहुसंख्य परावलंबी लोक आजही घरीच राहतात. माया आटते ती मदतीमुळे नव्हे, वर्षानुवर्षांच्या थकव्यामुळे. ज्याला झोप नाही, सुटी नाही, त्याच्या हातून चिडचिड आणि हयगय होते आणि त्याची झळ वृद्धालाच लागते. दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो रास्त आहे: आपल्याकडे बहुतेकांची कमाई असंघटित क्षेत्रातली असल्याने जर्मनीसारखे हप्ते गोळा करणे अवघड आहे. पण केरळने वेगळी वाट दाखवली. २००० च्या सुमारास मलप्पुरम जिल्ह्यात दीर्घ आजाऱ्यांच्या सेवेसाठी शेजारपाजारच्या स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले, २००८ मध्ये राज्याने परिहार सेवेचे, म्हणजे बरे न होणाऱ्या आजारातला त्रास कमी करणाऱ्या सेवेचे, धोरण केले आणि पंचायतींच्या मदतीने परिचारिका घरोघर जाऊ लागल्या. महाराष्ट्रात आशा सेविका आणि महिला बचत गट गावोगाव आहेत. त्यांना प्रशिक्षण आणि योग्य मोबदला देऊन अशी सेवा उभारता येईल. मोबदल्याविना हे काम त्यांच्यावर लादणे मात्र जुनाच अन्याय नव्या दारात नेणे ठरेल. सुरुवात घरी सेवा करणाऱ्यांची नोंद, त्यांना प्रशिक्षण आणि महिन्यातून काही दिवस बदली माणूस, एवढ्यापासून करता येईल. वृद्धाचे सुख हवे असेल, तर त्याची सेवा करणारीलाही धोरणात जागा दिली पाहिजे.