भरल्या गाडीचा आवाज

सासवडच्या बाजूचा एक फळांचा व्यापारी होता. पुरंदरचं सीताफळ आणि अंजीर शेतकऱ्यांकडून घ्यायचं आणि पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आणून विकायचं, हा त्याचा धंदा. त्यासाठी त्याने एक पिकअप घेतली होती आणि तिच्यावर गावातलाच एक पोरगा ड्रायव्हर म्हणून ठेवला होता. मध्यरात्रीनंतर क्रेट भरायचे, दिवे घाट उतरून हडपसरवरून उजाडायच्या आत यार्ड गाठायचं, माल गाळ्यावर उतरला की रिकामी गाडी घेऊन परत घाट चढायचा, असा पोराचा दिनक्रम.

सीताफळाच्या ऐन हंगामात गाडी आवाज करू लागली. गाडी जागची उचलली की खालून घर्र घर्र सुरू व्हायचं, वेग वाढवावा तशी पायाखालची पत्र्याची जमीन थरथरायची, आणि काटा चाळिसाच्या पुढे गेला की सगळं शांत. सिग्नलला थांबून पुन्हा निघालं की पुन्हा तेच.

पोराने त्याच दिवशी मालकाला सांगितलं, “शेठ, गाडी उचलताना खालून आवाज येतोय. दाखवून घ्यायला पाहिजे.”

शेठ काही निष्काळजी नव्हता. शनिवारी यार्डाच्या फळबाजाराला सुट्टी असते, म्हणून त्या दिवशी त्याने स्वतः गाडी काढली. सासवडच्या रस्त्यावर दोन-चार वेळा जोरात रेस देऊन पाहिली. आवाज नाही. तरी तो गॅरेजला गेला. तिथल्या माणसाने बॉनेट उघडलं, कान दिला आणि पट्टा बदलला. रविवारी पहाटे आवाज होताच. पुढच्या शनिवारी दुसरं गॅरेज. तिथे इंजिनाखालची फाउंडेशनची रबरं नवी बसली आणि सायलेन्सरचे क्लॅम्प आवळले गेले. रविवारी पुन्हा आवाज. तिसऱ्याने गाडी न चालवताच निदान केलं, डिफ्रन्शियल गेलंय, क्राउन-पिनियन बदलावं लागेल. खर्चाचा आकडा ऐकून शेठ गाडी घेऊन घरी आला.

तीन ठिकाणी पैसे आणि वेळ गेला होता, आणि शेठच्या कानाने आवाज एकदाही ऐकला नव्हता. अशा वेळी माणसाचं मन सोपी वाट धरतं. गाडी माझ्या हातात गप्प असते आणि याच्याच हातात ओरडते, तर दोष याच्या हातात आहे, असं त्याने ठरवलं. “तू क्लच अर्धा दाबून गाडी ओढतोस. आतापर्यंतचा खर्च तुझ्या पगारातून जाईल,” असं तो म्हणाला, आणि महिन्याच्या शेवटी त्याने खरोखरच पैसे कापले. पोरगा काही बोलला नाही. ज्याच्या घरी दुसरं कमावणारं माणूस नसतं, तो फार बोलत नाही. पण त्याने आवाजाबद्दल सांगणंही सोडून दिलं, आणि माझ्या मते त्या सगळ्या प्रकारात झालेलं हे सगळ्यांत मोठं नुकसान होतं.

यार्डात गाळ्यावर क्रेट उतरवणारा एक म्हातारा हमाल होता. गाडी गाळ्याला लावण्यासाठी पुढे-मागे होताना तो आवाज त्याच्याही कानावर जायचा. त्याने एके दिवशी शेठला अडवलं. “गंगाधामच्या बाजूला एक मिस्त्री आहेत. टेम्पोंचीच कामं करतात. त्यांना दाखवा. आणि या पोराला संगं न्या.”

मिस्त्री साठीचे होते. शेठ बोलू लागला तसं त्यांनी त्याला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि पोराकडे वळून विचारलं, “तू सांग रे. कधी येतो आवाज?”

आतापर्यंत तिन्ही ठिकाणी विचारलं गेलं होतं ते ‘कुठून येतो’ असं. ‘कधी’ कुणीच विचारलं नव्हतं.

पोराने सांगितलं. मिस्त्रींनी गाडी न्यूट्रलवर ठेवून रेस द्यायला लावली. इंजिन चढलं, उतरलं, आवाज नाही. “उभ्या गाडीत नुसत्या रेसवर आवाज आला असता तर पट्टा, पंखा, सायलेन्सर बघितलं असतं. ते आता मागे ठेवू.” मग ते शेजारी बसले आणि पोराला गाडी पळवायला सांगितली. गिअर टाकून जोर लावला, मध्येच पाय काढला, पुन्हा जोर लावला. डिफ्रन्शियलचे दाते गेलेले असले तर गाडीला ओढ लागताना किंवा सुटताना हूं करून एकसुरी आवाज निघतो आणि तो वेगाबरोबर चढत जातो, चाळिसावर येऊन थांबत नाही. इथे तसं काहीच नव्हतं. गाडी गप्प.

“बघा,” शेठ म्हणाला.

मिस्त्रींनी तिकडे लक्ष दिलं नाही. “परत जाताना दिवे घाट चढतोस ना? तिथे येतो?”

“नाही मिस्त्री. एकदा चढावर वाहनं तुंबली होती. जागच्या जागी थांबून पहिल्या गिअरात उचलली, तरी नाही आला.”

“घाट चढताना गाडी रिकामी?”

“रिकामी.”

“आणि सपाटीला, हडपसरच्या सिग्नलला येतो तेव्हा?”

“तेव्हा भरलेली.”

मिस्त्री थोडा वेळ गप्प बसले. “चढावर थांबून पहिल्यात उचलायची म्हणजे इंजिनाला, गिअरबॉक्सला ताकद लावावी लागते. तिथे आवाज नाही. सपाटीवर आहे. म्हणजे नुसत्या जोराने तो येत नाही. त्याला वजन लागतं. शेठ, उद्या गाडी भरून आणा. रोज भरता तेवढीच भरा.”

ही गोष्ट साधी वाटते, पण गाडी दुरुस्तीला नेताना आपण सगळे तिच्या उलट वागतो. माल उतरवतो, हौदा झाडतो, आणि सुट्टीच्या दिवशी रिकामी गाडी मिस्त्रीसमोर उभी करतो. याच पुण्यात कोथरूडला, वेताळ टेकडीवर, १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. रस्त्यावर येणाऱ्या नव्या वाहनांच्या चाचण्या तिथे होतात, त्यात आवाजाचीही असते. धावत्या वाहनाचा आवाज मोजताना गाडी ठरलेल्या वेगाने येते, खुणेच्या रेषेवर आली की ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला जातो, आणि मार्गाच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरवर ठेवलेले मायक्रोफोन आवाज टिपतात. तिथले इंजिनिअर आणि गंगाधामचे मिस्त्री यांचा एकमेकांशी संबंध नसेल, पण पद्धत एकच आहे. गाडीने बोलावं असं वाटत असेल तर तिला कामाला लावावं लागतं.

“किती भरता रोज?” मिस्त्रींनी विचारलं.

“पासिंग दीड टनाचं आहे. तेवढंच. पंचाहत्तर क्रेट,” शेठ म्हणाला. एक क्रेट मालासकट साधारण २० किलोचा, म्हणजे हिशेब बरोबर बसत होता.

पोराने मान खाली घातली. मिस्त्रींनी ते पाहिलं, बॅटरी घेतली आणि मागच्या चाकाशी वाकले. स्प्रिंगच्या पाट्यांवर त्यांनी बोट फिरवलं. एक पाटा बाकीच्यांपेक्षा कमी गंजलेला होता. “हा पाटा कंपनीतून आलेला नाही, शेठ. नंतर चढवलाय. दीड टनाला कुणी जादा पाटा घालत नाही.”

शेठ गप्प झाला. त्याच्या गप्प बसण्याला कारण होतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा माल वाहण्याचा दंड २० हजार रुपये आणि वर दर जादा टनाला २ हजार रुपये असा झाला आहे. आपण जादा माल भरतो ही गोष्ट तो आरटीओपासून लपवत होता, आणि लपवता लपवता ती गाडी दुरुस्त करणाऱ्यापासूनही लपली होती.

“एकशे दहा क्रेट असतात,” पोरगा हळूच म्हणाला. म्हणजे २,२०० किलो.

दुसऱ्या दिवशी गाडी यार्डाकडे जाता जाता तशीच भरलेली आली. मिस्त्रींनी शेठलाच पोराशेजारी बसवलं. गाडी पहिल्या गिअरात उचलली आणि शेठच्या तळपायाखाली पत्रा थरथरू लागला. घर्र घर्र, मग धडधड. त्याने दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. त्या कॅबिनमध्ये तो कधी भरल्या गाडीत बसलाच नव्हता.

परत आल्यावर मिस्त्रींनी चारी चाकांना दगड लावले, पोराला हँडब्रेक ओढून ब्रेक दाबून ठेवायला सांगितलं, आणि पहिल्या गिअरात क्लच अगदी थोडा सोडायला लावला. शेठला त्यांनी बाजूने बॅटरीच्या उजेडात बघायला बसवलं. गिअरबॉक्सकडून मागच्या डिफ्रन्शियलच्या हाउसिंगकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट त्या गाडीला दोन तुकड्यांचा होता. मधल्या सांध्याजवळ सेंटर बेअरिंग असतं आणि ते जाड रबरात बसवलेलं असतं. ते रबर फाटलं होतं. क्लच सुटला की शाफ्ट वर उचलला जाऊन ब्रॅकेटवर आपटत होता.

“आता हे का झालं ते ऐका,” मिस्त्री म्हणाले. “शाफ्टच्या सांध्यात क्रॉस असतो. शाफ्ट सरळ रेषेत असला तर तो एकसारखा फिरतो. कोन आला की एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे राहतो. एका क्रॉसने केलेला हा हिसका दुसरा क्रॉस भरून काढतो, पण दोन्हीकडचे कोन जुळलेले असतील तरच. कंपनीने ते जुळवून दिलेले असतात. तुम्ही पाटा चढवला, वर सातशे किलो जादा टाकले. मागची हाउसिंग होती तिथे राहिली नाही, कोन मोडले. मग रोज उचलताना बसणारा हिसका त्या रबराने खाल्ला. खाऊन खाऊन फाटलं. रिकाम्या गाडीत कोन वेगळा, म्हणून शाफ्ट ब्रॅकेटपर्यंत पोचत नाही आणि तुम्हाला काही ऐकू येत नाही.”

“असंच चालवलं असतं तर?”

“पुढचा तुकडा सुटून खाली आला तर तो रस्त्यात रुततो आणि गाडी उलटू शकते. माल घेऊन तुम्ही रोज दिवे घाट उतरता. उतारावर, भरल्या गाडीत, हा पोरगा आत बसलेला असतो.”

शेठ उठून उभा राहिला. त्याला बहुधा कापलेला पगार आठवला असावा, कारण तो पोराकडे न बघता विचारत होता, “पण मग मला एवढ्या दिवसांत एकदाही कसा नाही ऐकू आला?”

मिस्त्रींनी हात पुसले. “तुम्ही ओझं उतरवून ऐकत होता. या पोराने ओझ्यासकट ऐकलं. याच बाजारात हमालाच्या पाठीवरचं ओझं कमी व्हावं म्हणून बाबा आढावांची हमाल पंचायत किती वर्षं भांडली, ते तुमच्या वडिलांना विचारा. तेव्हाही गादीवर बसलेल्यांना पोतं जड वाटत नव्हतं.”

नाना पेठेतून सेंटर बेअरिंग आणलं गेलं. दोन्ही क्रॉस तपासले, एकात खेळ होता, तोही बदलला. जादा पाटा काढून टाकला. झालेला खर्च तिसऱ्या गॅरेजने सांगितलेल्या आकड्याच्या जवळपासही गेला नाही. क्राउन-पिनियनला हात लावावा लागला नाही.

पैसे देताना शेठने मिस्त्रींना विचारलं, पाटा काढला तर उरलेले पस्तीस क्रेट कसे आणायचे. मिस्त्री म्हणाले, “दुसरी खेप करा.”

शेठने पोराचे कापलेले पैसे त्याच दिवशी यार्डात, त्या म्हाताऱ्या हमालासमोर परत केले. आता पिकअप पंचाहत्तर क्रेट घेऊन निघते आणि हंगामात माल जास्त असेल त्या दिवशी दुसऱ्या खेपेला पुन्हा घाट उतरते. डिझेलचा खर्च वाढला आहे, एका क्रेटमागे सुटणारे पैसे कमी झाले आहेत, आणि दुसऱ्या खेपेचा भत्ता पोराला वेगळा मिळतो.